अमर्याद म्हणजे उणे एक

पाळणाघराच्या दारातच परिचारिका पोरांचे घसे बघते आणि कपाळाला थर्मामीटर लावते. आकडा बरा आला की मूल आत, नाहीतर आल्या पावली आईसकट घरी. त्या सकाळी स्मारांदाचा आकडा बरा आला. अगदी काठावरचा, पण बरा. इलिंकाने मात्र घरातून निघताना लेकीच्या कपाळाला ओठ लावून पाहिलं होतं, आणि ओठांना जे कळलं होतं ते त्या यंत्राला कळलं नव्हतं.

"रात्री झोपली ना नीट?" परिचारिकेने विचारलं.

"हो, हो. छान झोपली."

रात्रभर पोर कुरकुरत होती. ट्रामच्या थांब्याकडे चालताना ते 'छान' इलिंकाच्या घशात कुसळासारखं टोचत राहिलं.

पण करणार काय? नवरा ट्रक घेऊन इटलीच्या वाटेवर, तो सणानंतर येणार. आणि सासूबाई, प्रोफिरा, उजाडायच्या आत घडीचं स्टूल आणि चहाचा थर्मास घेऊन कॅथेड्रलच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलेल्या. उद्या संत पारास्केवाचा दिवस, तिच्या अस्थींच्या पेटीला हात लावायचा. अख्ख्या मोल्दोव्हा प्रांतातून माणसं याश शहरात लोटली होती, आणि रांग टेकडी उतरून खालच्या रस्त्याला वळसा घालून गेली होती म्हणे.

"आई, या वर्षी नाही गेलात तर नाही का चालणार?" इलिंकाने आदल्या संध्याकाळी चाचपून पाहिलं होतं. "पोरीचं अंग जरा कोमट लागतंय."

"अगं, तिच्यासाठीच चाललेय ना मी! तुमच्याच नावाने उभी राहणार तिथे. माझ्यासाठी काय मागायचं आता, माझी नुसती हाडं उरलीत." आणि मग दारातून वळून, "मोजे दोन-दोन घाल तिला. आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या टाकू नकोस. ते मधलं वारंच बाधतं पोरांना. तुझ्या कॉलेजात शिकवलं नसेल."

समोरासमोरच्या खिडक्या इलिंका कधीच उघड्या टाकत नसे. पण हे सासूबाईंना सांगून उपयोग नव्हता. ज्या गोष्टी सुरळीत चालतात त्यांची नोंद कुणी घेत नाही, हे तिला नोकरीने शिकवलं होतं.

नोकरी म्हणजे एका जुन्या विणकाम कारखान्याच्या चौथ्या मजल्यावरची छोटी कंपनी. शहराच्या घराघरात नळांतून जे गरम पाणी फिरतं आणि ज्याच्यावर हिवाळ्यात रेडिएटर तापतात, ते कुठल्या इमारतीत किती सोडायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम ते लिहीत. प्रत्येक इमारतीच्या तळघरात एक मीटर आणि एक झडप. मीटर सर्व्हरला सांगतो, इथे गार आहे. सर्व्हर म्हणतो, उघड. एवढंच. पण एवढंच हजारो ठिकाणी, एकदम. सर्व्हर बोललाच नाही तर झडप स्वतःहून उघडत नाही, मिटूनच राहते. पाइप फुटण्यापेक्षा घर गार बरं, असा त्यातला हिशोब.

बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी राहून इलिंका सप्टेंबरात परत रुजू झाली होती. तिची खुर्ची होती तिथेच होती, खुर्चीवरची तिची लोकरी शालसुद्धा होती, धुळीने राखाडी झालेली. फक्त तिचं काम तिथे नव्हतं. ते कोस्तिनकडे गेलं होतं. ते परत मिळणार की नाही, हे सणानंतर ठरायचं होतं.

"मॅन्युअल लिहिणं काही कमी दर्जाचं काम नाही, इलिंका," अग्लाया मॅडम तिला म्हणाल्या होत्या. त्या कंपनीच्या प्रमुख, आणि बोलताना माणसाच्या दंडावर हात ठेवायची त्यांना सवय. "पोर लहान आहे. डोक्याला ताप कमी राहील. हा हिवाळ्याचा रिलीज होऊ दे, मग बघू तुला काय झेपतंय."

त्यात दुष्टपणा अजिबात नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं होतं. दुष्टपणाशी भांडता येतं.

इलिंकाचं ते काम बाहेरच्याला सांगायला गेलं तर हसू येईल इतकं बारीक होतं. सर्व्हर कुठल्याही प्रोग्रॅमला मोकाट सोडत नाही. एका वेळी किती फाइली उघडायच्या, किती जोडण्या धरून ठेवायच्या, याला तो मर्यादा घालतो. त्यातही दोन मर्यादा. एक सैल. ती प्रोग्रॅमला गरज पडली तर स्वतःच वाढवून घेता येते. दुसरी पक्की. सैल मर्यादा वाढून वाढून त्या पक्कीपर्यंतच जाणार, आणि पक्की वर सरकवायची तर सर्व्हरच्या मालकाचाच हात लागतो. सेटिंगच्या फाइलीत या दोन्ही मर्यादा एका ओळीत लिहिलेल्या असतात, मध्ये दोन टिंबं. कुणी एकच आकडा लिहितं, म्हणजे दोन्ही तेवढ्याच. कुणी आकड्याऐवजी शब्द लिहितं: अमर्याद. ती ओळ वाचायची, तिचे तुकडे करायचे, लिहिणाऱ्याने काही भलतंसलतं तर लिहिलं नाही ना हे तपासायचं आणि मग तेवढी जागा सर्व्हरकडून मागून घ्यायची, हे काम करणारा भाग तिने लिहिला होता. पोटात स्मारांदा असताना, पाय सुजलेले असताना. त्या भागाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. पण तिला तो माहेरच्या अंगणासारखा पाठ होता.

"आलीस? देवच पावला," कोस्तिन म्हणाला. त्याचे डोळे लाल होते आणि दाढी वाढली होती. "दुसरी सही तुझी लागणार आहे. बाकी सगळे सणाला गावी पळाले. इथे उरलेत ते फक्त अनाथ आणि मूर्ख."

"त्यातली मी कोण?"

"ते तू ठरव. मी दोन्ही आहे."

त्यांच्याकडे नियम होता की लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी कोड वाचून सही केल्याशिवाय रिलीज बाहेर जायचा नाही. आणि नियमाला चिकटून एक रीत होती. सही नाकारून रिलीज अडवणाऱ्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यांसाठी गरम प्लाचिंता आणायच्या, चीज भरलेल्या. माणसाने उगाच खुसपट काढू नये म्हणून.

"दोन वर्षांत कुणी कुणाला प्लाचिंता खाऊ घातली नाही," कोस्तिन म्हणाला. "वजन उतरलं सगळ्यांचं. दुपारी शहराचे लोक गरम पाणी सोडणार आहेत, त्याआधी आपला नवा प्रोग्रॅम चढवायचा. वाच पटकन आणि टाक सही. तुझ्याच जुन्या भागाला जरा हात लावलाय मी. मोकळाढाकळा केलाय."

रात्री कडक थंडी पडायला लागली होती, आणि सणाला घरं गरम हवीत हे शहराने लोकांना सांगून टाकलं होतं. इलिंकाने कोट खुर्चीला अडकवला, फोन टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवला, पाळणाघराचा फोन आला तर दिसावा म्हणून, आणि वाचायला बसली.

मोकळाढाकळा खराच केला होता. तिने दहा ओळींत जे लिहिलं होतं ते त्याने तीन ओळींत बसवलं होतं. तिला थोडा हेवाही वाटला. मग ती प्रोग्रॅमची परीक्षा घेणाऱ्या टेस्टच्या यादीवर आली, आणि तिथे एक टेस्ट राखाडी दिसली. बंद करून ठेवलेली. नाव तिनेच दिलेलं: पक्की मर्यादा अमर्याद असेल तेव्हा.

"कोस्तिन, ही टेस्ट बंद कशाला केलीस?"

"कुठली? हां, ती. ती सारखी लाल व्हायची, नापास."

"लाल व्हायची म्हणजे काहीतरी सांगत होती ना."

"बायकोही सारखं काहीतरी सांगते. सगळं ऐकत बसलो तर माणूस जगणार कधी?" त्याने कॉफीचा रिकामा कप उगाच हलवून पाहिला. "नंतर बघू म्हणून बंद केली, इलिंका. मग ते नंतर आलंच नाही. तू नव्हतीस. मी एकटा होतो."

हे शेवटचं तो तक्रार म्हणून बोलला नाही. तो फक्त थकलेला होता. तिला ते थकणं ओळखीचं होतं. बाळाचे कपडे वाळत घालता घालता उभ्याउभ्या डोळा लागतो, तसलं.

ती पुन्हा त्या तीन ओळींकडे वळली. आणि मग तिला ते दिसलं. भाजीत अळी दिसावी तसं, एकदा दिसल्यावर दुसरं काहीच दिसेना.

'अमर्याद' हा शब्द यंत्राला कळत नाही, त्याला आकडा लागतो. कोस्तिनने अमर्यादसाठी उणे एक धरला होता. त्यातही गैर काही नव्हतं. ते ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहीत तिच्यात सर्व्हर स्वतःच अमर्याद सांगताना उणे एक सांगतो, या धंद्यातली जुनी खूण आहे ती. पण खूण ती खूण. कोस्तिनचा कोड तिला खराखुरा आकडा समजून तराजूत टाकत होता. तपासणी विचारायची, सैल मर्यादा पक्कीपेक्षा मोठी तर नाही ना? आणि सैल चार हजार, पक्की अमर्याद, अशी साधी सरळ ओळ आली की तपासणी म्हणायची, चार हजार हे उणे एकपेक्षा मोठे, सबब ओळ चुकीची. ज्याला अंतच नाही ते शून्यापेक्षाही लहान ठरत होतं.

आणि ओळ चुकीची ठरली की पुढे काय? तिच्या वेळी प्रोग्रॅम तिथेच थांबायचा आणि ओरडायचा: ही ओळ मला वाचता आली नाही. कोस्तिनने तेही मऊ केलं होतं. आता प्रोग्रॅम कुणाला न सांगता सर्व्हरची मुळातली मर्यादा घेऊन पुढे चालू लागायचा. एक हजार चोवीस. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, एक बारीकशी ओळ लिहायची, बस्स.

तिने शहराच्या सर्व्हरची सेटिंगची फाइल उघडली. तिथे अगदी तशीच ओळ होती. सैल मर्यादा आकड्यात, पक्की अमर्याद.

"चाचणी कुठल्या गावावर घेतलीस?"

"पाश्कानीजवळच्या एका गावाच्या नकाशावर. चोख चालला."

"मीटर किती होते?"

कोस्तिनने यादी वर सरकवून पाहिली. मग म्हणाला, "तीनेकशे." आणि लगेच, "पण हे काय काढलंस तू आता? आठवडाभर पडून होता कोड तुझ्यासमोर."

"माझ्यासमोर मॅन्युअल होतं. कोड तू आज दाखवलास."

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. पाळणाघर. इलिंकाने तो लगेच उचलला. स्मारांदाला ताप चढला होता. अंगाला हात लावू देत नव्हती. लवकर या.

फोन खाली ठेवतेय तोच दारात अग्लाया मॅडम.

"झाली का सही? शहराचा माणूस मला दर थोड्या वेळाने फोन करतोय."

कोस्तिनने इलिंकाकडे पाहिलं. ती नजर ती पुढे बरेच दिवस विसरली नाही. त्यात धमकी नव्हती. विनवणी होती, आणि विनवणीच्या मागे एक साधं गणित: तू सही केलीस तर आपण दोघंही घरी जाऊ. काही बिघडलंच तर सणानंतर बघू. कदाचित तेवढे मीटर एकदम जोडलेच जाणार नाहीत. कदाचित.

इलिंकाच्या तोंडात 'हो' आला. सवयीनेच आला, सकाळी पाळणाघराच्या दारात आला होता तसा. दोन वर्षं तिने हेच केलं होतं. जमेल ना? हो. झोप मिळते ना? हो. एकटीने निभेल ना? हो, हो. कुणी कितीही मागितलं तरी आतून ओरडा बाहेर यायचा नाही. ती स्वतःकडे उरलेलं थोडंसं काढायची आणि तेवढ्यावर दिवस ढकलायची. घरातलं कुणी, नवरासुद्धा, ती बारीकशी ओळ वाचायला गेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

"का?"

"तपासणी चुकतेय. शहराची सेटिंग बरोबर असून तिला चूक समजते, आणि समजली तर सांगतही नाही. हजारभर मीटर जोडले जातील, बाकीच्यांना दार बंद. त्यांच्या झडपा उघडणार नाहीत, आणि सर्व्हरवर सगळं हिरवं दिसेल. निम्म्याहून जास्त शहर गारठेल, तेही सणाच्या दिवशी, आणि का ते आपल्यालाही पटकन कळायचं नाही."

अग्लाया मॅडम पूर्वी स्वतः कोड लिहीत. त्यांनी स्क्रीनवर वाकून पाहिलं, चष्मा वर केला, परत पाहिलं. "बरं. मग दुरुस्त करून टाका ना. एका ओळीचं तर काम आहे."

"दोन ठिकाणी हात लावावा लागेल. अमर्यादला आकड्यासारखं मोजायचं नाही, हे एक. आणि वाचता आलं नाही तर गप्प बसायचं नाही, हे दुसरं. मग हजारो मीटर जोडून बघायचं. आणि मी लिहिलं तर सही कुणाची? कोस्तिनची. तो कालपासून झोपलेला नाही."

"झोपलो होतो," कोस्तिन म्हणाला. "ट्राममध्ये."

"इलिंका," मॅडमनी तिच्या दंडावर हात ठेवला. "मला फोन करून त्यांना सांगावं लागेल की आम्ही तयार नाही. शहराने पत्रकात छापलंय. तू तासभर थांबू शकत नाहीस? मी स्वतः बसते तुझ्या शेजारी."

"माझ्या मुलीला ताप आहे. मी नाही थांबू शकत."

मग कोस्तिन हळूच म्हणाला, "वा. ती थांबणार नाही, पण रिलीज थांबणार."

लागलं ते. लागायलाच तो बोलला होता. तिने नकाराच्या चौकोनात कारण लिहिलं, ती राखाडी टेस्ट परत चालू केली, ती लाल झालेली पाहिली आणि कोट घातला.

"जुना प्रोग्रॅम आहे तसा चालू द्या," दारातून ती म्हणाली. "तो एकेका गल्लीला पाळीपाळीने विचारतो. घरं उशिरा तापतील, पण तापतील."

"उशिरा तापतील," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या आणि फोन उचलला. त्यांचा हात आता कुणाच्याच दंडावर नव्हता.

ट्राम माणसांनी आणि फुलांनी गच्च भरली होती. रांगेकडे निघालेल्या बायका, मांडीवर तुळशीच्या जुड्या. इलिंका खांबाला धरून उभी राहिली आणि सणानंतर तिला कायमचं बसवतील त्या मॅन्युअलच्या खोलीचा विचार करू लागली. त्या खोलीला एक चांगली खिडकी होती. तिथे कुणाला काही अडवावं लागत नसे, आणि कुणाला विनवावंही. वाईट नाही, तिने स्वतःला सांगितलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिला ते काम हवं होतं. दहा ओळींचं, कुणी न बघणारं, तेच.

पाळणाघरात स्मारांदा परिचारिकेच्या खांद्यावर लोळागोळा होऊन पडली होती. आईला बघून रडायचंही त्राण नव्हतं.

"सकाळपासूनच होता का?" परिचारिकेने विचारलं.

सबब तयार होती. आकडा तुम्हीच बघितला ना. इलिंकाने ती गिळली.

"हो. मला वाटत होतं तसं. रात्रीही झोपली नव्हती."

"मग सांगायचं ना, बाई! मी काय खाणार होते तुम्हाला?" परिचारिकेने पोर तिच्या हातात दिली आणि टोपी कानांवर ओढली. "सांगितलं असतं तर वेगळी निजवली असती, डोळ्यांसमोर ठेवली असती. आम्हाला नुसता कपाळाचा आकडा कळतो. बाकीचं आईनेच सांगायचं असतं."

घर गार होतं. रेडिएटरवर हात ठेवला तर दगडावर ठेवल्यासारखा. औषध पाजून, पायांत दोन-दोन मोजे घालून, इलिंका लेकीला छातीशी घेऊन पांघरुणात बसून राहिली. अंधारून यायला लागलं तेव्हा दाराशी किल्लीची खुडबुड झाली आणि प्रोफिरा आत आल्या, एका हातात स्टूल, दुसऱ्यात तुळशीची काडी.

"इतक्यात, आई? झालं दर्शन?"

"कसलं इतक्यात आणि कसलं दर्शन. रांग अजून पार खालच्या वळणावर. गुडघे म्हणाले, बाई, पुरे." त्या धपकन खुर्चीत बसल्या. "मग मी पण म्हटलं, पुरे. पुढे बोतोशानीची एक तरणीताठी बाई होती, तिच्याजवळ माझा रुमाल दिला. तिचा नंबर लागला की माझ्या नावाने संतिणीच्या पेटीला टेकवेल आणि टपालाने पाठवेल. संतीण समजून घेईल. ती पण बाईच होती. तिलाही गुडघे असतीलच." मग त्यांची नजर इलिंकाच्या चेहऱ्यावर गेली आणि तिथेच थांबली. "तू काय अशी बसलीस? आण इकडे पोरीला. तू जेवलीस का?"

"नाही," इलिंका म्हणाली. "आई, मी फार दमलेय. मला आज काहीच जमणार नाही."

दोन वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. प्रोफिरा ते ऐकून दचकल्या नाहीत, रागावल्या नाहीत, काही शिकवलंही नाही. नुसती मान हलवून त्यांनी पोर उचलली, तुळशीची काडी तिच्या उशाशी ठेवली आणि म्हणाल्या, "मग बोलायचं नाही का आधी? मला वाटलं, शिकलेल्या पोरी दमत नसतात. सूप आहे कालचं, ते घे गरम करून. आणि ती खिडकी बघ, फटीतून वारं येतंय."

सूप गरम होत असताना कोस्तिनचा फोन आला.

"खोटे मीटर जोडून बघितले," त्याने कसलीही प्रस्तावना न करता सांगितलं. "शहराएवढे. हजार-वीसच्या आसपास गप्प झाला. आणि तुला गंमत सांगू? ती बारीक ओळ, लॉगमधली? तीही लिहिली नाही त्याने. लॉगची फाइल तो उशिरा उघडतो, आणि तोवर तिलाही जागा उरली नव्हती. मेला, पण मरताना हूं की चूं नाही."

"मॅडम?"

"त्यांनी फोन केला. अर्धा तास शिव्या खाल्ल्या, मग माझ्याकडे येऊन म्हणाल्या, ही टेस्ट कुणी लिहिली होती? म्हटलं, जिला तुम्ही मॅन्युअलला पाठवताय तिने." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "तो भाग परत तुझ्या नावावर केलाय, इलिंका. मॅडमना विचारून. उपकार समजू नकोस, मला तो नकोच आहे. मला झोपायचंय. परवा ये आणि नीट कर. सही मी करतो, झोप काढून. आणि दुपारी मी जे बोललो..."

"बोललास ते बोललास."

"प्लाचिंता मी आणतो. रीतीने तू आणायच्यास. पण मी आणतो."

इलिंका शेगडीजवळ उभी होती. आनंद व्हायला हवा होता, आणि तो कुठेतरी असेलही. पण अंगात एवढा शिणवटा होता की त्याला वर यायला वाटच नव्हती. हिवाळाभर आता दर रिलीजला तिलाच बोलावणार. दर वेळी उशीर. दर वेळी जमेल ना, आणि दर वेळी हो. तिने गॅस बारीक केला.

"कोस्तिन, एक ऐक. मी चारपर्यंत."

"म्हणजे?"

"रोज चारला मी उठणार. फारच नड असेल तर आदल्या दिवशी विचारायचं, मी पाचपर्यंत ओढेन. पाचच्या पुढे मात्र, शहर गारठो की तापो, नाही."

तो हसला की जांभई दिली, ते कळलं नाही.

"समजलं," तो म्हणाला. "हे वाचता येतंय. आणि मॅडमनी पाचच्या जागी अमर्याद लिहिलं तर?"

"तर ओळ चुकीची म्हणून परत पाठव," इलिंका म्हणाली. "आणि मोठ्याने."

आतल्या खोलीत प्रोफिरा पोरीला थोपटत काहीतरी पुटपुटत होत्या. भिंतीतल्या नळात खडखड झाली, थांबली, पुन्हा झाली. त्यांच्या गल्लीची पाळी आली होती. इलिंकाने रेडिएटरवर हात ठेवला. अजून गारच होता. तिने हात तसाच राहू दिला.